गाडीत माणूस आहे

पार्किंगबद्दल आमच्या ह्यांचा एक सिद्धान्त आहे. गाडीत माणूस बसलेला असेल तर ती गाडी पार्क केलेली नसते, ती नुसती थांबलेली असते. पार्क केलेली गाडी म्हणजे जिला कुलूप लावून मालक निघून गेलाय ती. हा सिद्धान्त हे पुण्याहून अमेरिकेला येताना सोबत घेऊन आले आणि इतक्या वर्षांत त्यातला काना-मात्राही हलला नाही. पुण्यात तो चालायचाही म्हणे. लक्ष्मी रोडला गाडी उभी करायची, घरातलं एखादं वडीलधारं माणूस आत बसवून ठेवायचं, आणि पोलीस आला की त्या माणसाने काचेतून "आलेच, आलेच" असा हात करायचा. माझ्या सासूबाई या कामात इतक्या तरबेज होत्या की खरेदीला त्यांना नेत असत ते केवळ गाडीत बसवायला. साडी कुठली घेतली हे त्यांना घरी आल्यावर कळायचं.

मी नागपूरची. आमच्याकडे रस्ते रुंद, त्यामुळे लग्नाआधी मला पार्किंग या विषयावर काही मतच नव्हतं. लग्नानंतर आलं.

मिडवेस्टमधल्या आमच्या शहरात एक देशी बाजाराचा रस्ता आहे. वाणसामान, साड्या, मिठाई, भुवया कोरण्याची दुकानं, सगळं एकाच रस्त्यावर. आम्ही राहतो तिथून तो बराच लांब, पण शनिवारी तिथे गेलं नाही तर ह्यांना आठवडा संपल्यासारखा वाटत नाही. त्या रस्त्यावर शनिवारी गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिल्या ओळीत पान मिळण्यासारखं. पण आमच्या वाण्याच्या दुकानासमोर मात्र छान लांबलचक जागा कायम मोकळी असते.

"बघ, जागा आहे," हे दर शनिवारी म्हणत.

"अहो, तो बसस्टॉप आहे."

"बस आहे का आत्ता? नाही ना? मग?"

एवढं म्हणून गाडी तिथे घालायची, चारही इंडिकेटर लावायचे आणि आत बसून राहायचं. चारही इंडिकेटर लावले की कुठलाही गुन्हा माफ होतो अशी आपल्या लोकांची समजूत आहे. मी खाली उतरायची, "दोन मिनिटांत येते" म्हणायची. आता तिथल्या दुकानात दोन मिनिटांत बाहेर पडणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. तोंडली एकेक बघून घ्यावी लागतात, नाही तर घरी येऊन चिरली की आतून लालभडक. कढीपत्त्याची जुडी उलटून बघावी लागते. त्यात आमच्या मराठी मंडळातली कोणी भेटली की तिच्या सुनेची डिलिव्हरी, आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन. मी बाहेर येईपर्यंत हे आत बसून शेजारच्या दुकानातला गरम समोसा खात असत. तो समोसा आणायला हे गाडीतून कधी उतरत, हा प्रश्न मी कधी विचारला नाही, कारण माझ्यासाठीही एक आणलेला असायचा.

पूर्वी तिथे एक पार्किंगवाली बाई यायची. छोट्याशा गाडीतून. ती काचेवर टकटक करायची. हे काच खाली करून हसायचे आणि म्हणायचे, "माय वाइफ इज कमिंग. टू मिनिट्स ओन्ली." ती म्हणायची, "सर, मी वळसा घालून येते. तेव्हा तुम्ही इथे दिसता कामा नये." मग हेही वळसा घालायचे. दोघं दोन बाजूंनी वळसे घालायची आणि माझी तोंडली होईपर्यंत हे चालायचं. पुढे पुढे ओळख झाली. एकदा ह्यांनी तिला समोसा देऊ केला. तिने तो नियमावर बोट ठेवून नाकारला, पण आत काय असतं ते नीट विचारून घेतलं.

मग ती यायची बंद झाली आणि बसवर कॅमेरे आले. बसच्या पुढच्या काचेत कॅमेरा. बसस्टॉपवर कोणी गाडी लावलेली दिसली की तो टिपतो आणि दंडाचं तिकीट सरळ घरी. स्टॉपवर तशी पाटीही लागली. ह्यांनी ती पाटी गाडीत बसल्या बसल्या सगळी वाचली आणि म्हणाले, "बरं झालं. लोक कुठेही गाड्या लावतात."

थोड्याच दिवसांनी आमच्या घरी लिफाफा आला. त्यात रंगीत फोटो होता. आमची गाडी, आमचा नंबर, लुकलुकणारे इंडिकेटर आणि मागच्या काचेतून दिसणारं ह्यांचं टक्कल. हे तो फोटो चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता चिडतील.

"फोटो मात्र स्पष्ट आलाय," हे म्हणाले. "पण यांनी काच का नाही वाजवली?"

पुढे कितीतरी दिवस हेच चाललं होतं. तिकीट आलं याचं ह्यांना एवढं नव्हतं. आपण आत बसलेले असताना, जिवंत, समोसा खात असलेले, आपल्याला कोणी एक शब्द न विचारता फोटो काढून निघून गेलं, याचं ह्यांना फार लागलं होतं. मला त्यांची कीव आली, पण तसं दाखवलं असतं तर पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच गाडी लागली असती.

लेक दर रविवारी जेवायला येते. तिचा जन्म इथलाच. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर बहुतेक इंग्रजीत देते. ती फिजिकल थेरपिस्ट आहे. पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला लावणं हे तिचं काम. त्यामुळे तिला जगातला प्रत्येक म्हातारा पडायच्या बेतात दिसतो, आणि आम्ही दोघं जरा जास्तच. तिने फ्रिजवर लावलेला तो फोटो पाहिला. फोटो फ्रिजवर लावायची बुद्धी ह्यांचीच.

"बाबा, व्हॉट इज धिस?"

"तो तुझ्या बाबांचा फोटो आहे," मी म्हणाले. "सरकारने काढलाय."

तिला हसू आलं नाही. आधी शेजाऱ्यांच्या पत्रपेटीचा खांब वाकला होता, मग आमच्याच गॅरेजच्या दाराला गाडी घासली होती, आणि आता हे. ती खुर्ची ओढून ह्यांच्या समोर बसली आणि पेशंटशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, "बाबा, इट्स नॉट अबाउट द टिकेट. यू डोन्ट नोटिस थिंग्ज एनीमोअर. मला वाटतं, यू शुड स्टॉप ड्रायव्हिंग."

"माझं सगळीकडे लक्ष असतं," हे म्हणाले. "मी गाडीत बसलेलो असतो ते उगाच का? कोणी आलं की मी लगेच गाडी काढतो."

"देन व्हाय डिडन्ट यू सी द बस?"

यावर ह्यांनी वरणाची वाटी मागितली.

लेकीला एक गोष्ट कळत नव्हती. तिच्यासाठी गाडी म्हणजे गाडी. ह्यांच्यासाठी तसं नव्हतं. आम्ही या गावात आलो तेव्हा इथे मोजकी मराठी घरं होती, आणि विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला घ्यायला जायचं काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. डिकीत दोन जुने कोट कायम ठेवलेले असत, कारण आपली पोरं जानेवारीत हाफ स्वेटर घालून उतरत. अजूनही कोणाच्या आईवडिलांना डॉक्टरकडे न्यायचं असलं की फोन ह्यांनाच येतो. किल्ली काढून घेतली तर हे दिवसभर करतील काय, याची मला धास्ती वाटत होती. आणि माझं काय? आमच्या सबर्बात बस नाही, फूटपाथसुद्धा पुढच्या वळणावर संपतो. माझ्याकडे लायसन्स आहे, पण ते मी ओळखपत्र म्हणून दाखवते. हे शेजारी बसले की "ब्रेक! ब्रेक!" एवढं ओरडत की मी केव्हाच तो नाद सोडला होता. ह्यांची गाडी सुटली तर कढीपत्त्याच्या जुडीसाठी मला लेकीच्या सवडीची वाट बघावी लागणार होती. स्पष्टच सांगते, मी घाबरले होते. चूक ह्यांची आहे हे दिसत असूनही मला हेच जिंकायला हवे होते.

जेवण झाल्यावर ह्यांनी तह मांडला. "मी हे तिकीट लढवणार. हिअरिंग मागणार. हरलो तर किल्ली तुझी. जिंकलो तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही."

"बाबा, इट्स ऑन व्हिडिओ," लेक म्हणाली. "यू आर गोइंग टु लूज."

"मग तुला भीती कसली?"

दोघांनी हात मिळवले. बापलेकींत असा व्यवहार मी माहेरी कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, आता निदान खीर तरी खा.

ह्यांना एवढा विश्वास कुठून आला, ते दुसऱ्या दिवशी कळलं. हे निवृत्त होईपर्यंत वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रं तपासायच्या खात्यात होते. कुठलंही यंत्र खोटं बोलू शकतं यावर ह्यांची श्रद्धा आहे, देवावरसुद्धा एवढी नाही. आमच्या घरातला ताप मोजायचा थर्मामीटर दुसऱ्या थर्मामीटरने तपासलेला असतो. माझ्या ओव्हनच्या आकड्यावर ह्यांचा विश्वास नाही, त्यात वेगळा मीटर टांगलेला आहे. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला की हे आधी यंत्राकडे बघतात आणि मग डॉक्टरकडे. तर ह्यांनी शहराच्या वेबसाइटवरून कॅमेऱ्यांबद्दलची नियमावली शोधून काढली. कुठला कॅमेरा मंजूर, कुठला नाही, तो कसा बसवायचा, सगळं. ती छापली, पिवळ्या पेनाने रंगवली आणि तिची फाइल केली.

"काय सुंदर लिहिलंय गं!" हे म्हणाले. मी भाजी परतत होते. "ऐक. कॅमेरा बसच्या काचेत घट्ट बसवलेला पाहिजे, हलता कामा नये. प्रत्येक चित्रावर तारीख-वेळ उमटली पाहिजे. नुसता नंबर दिसून चालणार नाही, गाडी कुठे उभी आहे हेही त्यातच दिसलं पाहिजे. आणि तिकीट पाठवायच्या आधी माणसाने स्वतः बघितलं पाहिजे."

"मीठ कमी आहे का बघा जरा."

"आणि प्रत्येक यंत्राची ठरावीक मुदतीने तपासणी. त्याचं सर्टिफिकेट चालू पाहिजे. नसेल तर पुरावा बाद!" हे भारावून गेले होते. "ज्याने हे लिहिलंय ना, त्याला एकदा भेटलं पाहिजे."

लग्नाआधी मी ह्यांना नागपूरहून पत्रं लिहीत असे. ती ह्यांनी इतकी तल्लीन होऊन वाचली असतील असं मला वाटत नाही.

मग तालीम सुरू झाली. मी पोळ्या लाटता लाटता न्यायाधीश व्हायचं. हे ओट्याच्या पलीकडे फाइल धरून उभे राहायचे आणि मला "युअर ऑनर" म्हणायचे. संसारात पहिल्यांदाच असा मान मिळत होता, म्हणून मी मन लावून प्रश्न विचारले.

"पण तुम्ही बसस्टॉपवर गाडी लावली होती ना?"

"तो मुद्दा नाही, युअर ऑनर."

"मग कुठला मुद्दा आहे?"

"यंत्र तपासलेलं होतं का, हा मुद्दा आहे."

"म्हणजे चोराने म्हणायचं," मी पोळी तव्यावर टाकत म्हटलं, "मला पकडलं ते ठीक आहे, पण पोलिसाच्या चष्म्याचा नंबर बरोबर होता का?"

मला वाटलं, आता ओशाळतील. ह्यांचा चेहरा उजळला. "एक्झॅक्टली!" म्हणाले, आणि ते वाक्य फाइलमध्ये लिहून घेतलं.

मंडळातल्या एका काकांनी फोनवर वेगळाच सल्ला दिला. "वहिनींना चक्कर आली होती म्हणा. औषध घ्यायला थांबलो होतो म्हणा." मी फोन ह्यांच्या हातातून घेतला आणि काकांना सांगितलं की मला चक्कर येत नाही, लोकांना आणते. हेही म्हणाले की खोटं बोलणार नाही, गरजच नाही. नियम आपल्या बाजूने आहेत.

हिअरिंगच्या दिवशी ह्यांनी निवृत्तीच्या समारंभातला सूट घातला. तो पोटावर मिटत नव्हता, म्हणून फाइल पोटाशी धरली. हिअरिंग डाउनटाउनमध्ये होतं. हेच गाडी चालवत गेले आणि पैसे भरायच्या पार्किंग गॅरेजमध्ये गाडी लावून तिथल्या सगळ्या पाट्या वाचून आले, खांबामागचीसुद्धा. इतकी कायदेशीर उभी असलेली आमची गाडी मी पहिल्यांदाच पाहिली.

कोर्ट म्हणून मी काळा कोट आणि हातोडा डोळ्यांपुढे आणला होता. प्रत्यक्षात ती बँकेसारखी खोली होती. खुर्च्यांवर आमच्यासारखीच रागावलेली माणसं बसली होती. समोर टेबलाशी एक तरुण अधिकारी बाई, आमच्या लेकीच्या वयाची, आणि तिच्यामागे भिंतीवर मोठा स्क्रीन. आमचा नंबर पुकारल्यावर हे उठले, मीही उठले.

"सर, आधी व्हिडिओ बघू या का?" तिने विचारलं.

"मॅडम, त्याआधी माझी एक हरकत आहे," हे म्हणाले आणि फाइल उघडली. मग ह्यांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. मोजमाप म्हणजे काय. यंत्र म्हणजे काय. यंत्र वापरून वापरून कसं हळूहळू बिघडतं आणि त्या यंत्राला स्वतःला ते कसं कळत नाही. पोलिसाचा चष्माही आला. मागच्या खुर्चीवरचा एक जाडजूड माणूस "ॲमेन" म्हणाला. ती बाई शांतपणे ऐकत होती. पेशंटशी बोलताना आमची लेक बसते, तशीच बसली होती.

"म्हणजे तुम्हाला या कॅमेऱ्याचं सर्टिफिकेट बघायचंय," ती म्हणाली.

"येस, मॅडम. चालू मुदतीचं."

ती कॉम्प्युटरमध्ये शोधू लागली. शोधता शोधता तिने भिंतीवर व्हिडिओ सुरू केला होता, तो आपला चालूच राहिला. तिच्या कपाळावर आठी पडली. "एक मिनिट हं," ती म्हणाली आणि आणखी शोधू लागली. आम्हाला दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून आम्ही व्हिडिओ बघत उभे राहिलो.

व्हिडिओला आवाज नव्हता. बस हळूहळू स्टॉपकडे येते आहे. पुढे आमची गाडी, चारही इंडिकेटर लुकलुकताहेत. मागच्या काचेतून ह्यांचं डोकं दिसतंय, खाली वाकलेलं. बसला फूटपाथला लागून उभं राहायला जागा नाही, म्हणून ती आमच्या मागे, रस्त्यातच थांबते. स्टॉपवर एक म्हातारी उभी आहे. आमच्याकडची नव्हे, इथलीच कोणी, जाड कोट घातलेली, हातात चार पायांचा वॉकर. ती आमच्या गाडीकडे बघते, बसकडे बघते. मग वॉकर आधी खाली रस्त्यावर ठेवते आणि फूटपाथवरून एक पाय खाली टाकते. ती पायरी उंच होती. तिचा तोल गेला. तिने हात पुढे केला आणि तो आमच्या गाडीच्या डिकीवर टेकला. तशीच ती थोडा वेळ उभी राहिली, आमच्या गाडीला धरून. मग वॉकर ढकलत ढकलत बसकडे वळली आणि चित्राच्या बाहेर गेली.

पुढच्या सीटवरचं ह्यांचं डोकं जरासुद्धा हललं नाही.

"सर," ती बाई म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. या कॅमेऱ्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली होती आणि नवं काही रेकॉर्डवर नाही. नियमाप्रमाणे मी हा व्हिडिओ पुरावा म्हणून धरू शकत नाही. तिकीट रद्द."

मागच्या जाडजूड माणसाने टाळ्या वाजवल्या. मलाही नाचावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझा कढीपत्ता वाचला होता. मी ह्यांचा दंड धरला. हे स्क्रीनकडेच बघत होते. तिथे आता शेवटचं चित्र थांबलेलं होतं, नुसती आमची गाडी.

"मॅडम," हे म्हणाले, "ते पुन्हा एकदा दाखवता का?"

"सर, गरज नाही. यू वन."

"हो. तरी दाखवा. प्लीज."

तिने मागे थांबलेल्या रांगेकडे पाहिलं, मग ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि व्हिडिओ पुन्हा लावला. म्हातारीचा हात डिकीवर टेकला तेव्हा हे मला मराठीत हळूच म्हणाले, "गाडी थोडी तरी हलली असेल गं. मला कळलं कसं नाही?"

व्हिडिओ संपल्यावर ह्यांनी त्या बाईला विचारलं, "ती बरी आहे ना? ती बसमध्ये चढली का?"

"कोण, सर?" मग तिला समजलं. "चढली असावी. मला पुढचं दिसत नाही."

हे थँक्यू म्हणाले आणि फाइल मिटली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, जिंकलात की! आता बोलेल का लेक एक शब्द? सर्टिफिकेटवर कसं बरोबर पकडलंत त्या बाईला!"

"यंत्र बरोबर होतं," हे म्हणाले.

"पण मुदत संपली होती ना?"

"सर्टिफिकेटची संपली होती. त्याने यंत्र खोटं होत नाही. मी जन्मभर हेच काम केलंय, मला माहीत आहे." मग आम्ही गॅरेजपर्यंत गेलो.

गाडीपाशी आल्यावर हे माझ्या बाजूच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, दार उघडून देताहेत, सुटाचा परिणाम असेल. ह्यांनी किल्ली पुढे केली.

"तू चालव."

"मी? अहो, इथून? डाउनटाउनमधून? मला आता येत नाही."

"येतं तुला. मीच नको म्हणत होतो." आणि हे आत बसले, पट्टा लावला आणि फाइल मांडीवर घेतली.

मी सीट पुढे घेतली, आरसे फिरवले, देवाचं नाव घेतलं आणि गाडी बाहेर काढली. गॅरेजवाल्या माणसाने माझ्याकडे बघून फाटक जरा जास्तच वेळ वर धरून ठेवलं. एक्स्प्रेसवेवर चढताना मागचा ट्रक भोंगा वाजवत होता, पण मी शनिवारची गर्दी सोसलेली बाई आहे, चढले. हे पुढे बघत होते. एकदा दाराचं हँडल घट्ट धरलं, पण बोलले नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर लेकीचा आवाज. "बाबा? व्हॉट हॅपन्ड?"

मी तोंड उघडलं. आनंदाची बातमी माझ्याच तोंडून जावी असं मला वाटत होतं. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हरलो गं," हे म्हणाले.

लेक जी भडकली! "व्हॉट? दॅट्स नॉट फेअर! तुम्ही इतकं प्रिपेअर केलं होतं! त्यांनी सर्टिफिकेट दाखवलं का? बाबा, वी कॅन अपील. माझा एक पेशंट लॉयर आहे—"

"नको. मी व्हिडिओ पाहिला. कॅमेरा बरोबर होता," हे म्हणाले. "ठरल्याप्रमाणे किल्ली तुझी. सध्या तुझ्या आईकडे आहे."

"आईकडे म्हणजे? हू इज ड्रायव्हिंग?"

"आई."

"ऑन द एक्स्प्रेसवे?" लेक किंचाळली. "आई, आर यू वेअरिंग युअर ग्लासेस?"

घातला होता चष्मा. तिकीट रद्द झाल्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता, पर्स ह्यांच्या पायाशी होती, आणि हे सरळ पुढे बघत बसले होते. त्यांना खोटं पाडणं मला जमलं नसतं. मला रडू येत होतं आणि आमच्या एक्झिटसाठी लेनही बदलायची होती. दोन्ही एकदम होईना, म्हणून मी आधी लेन बदलली.